दाजी, त्यात विक्रम दिसणार नाही

गेल्या रविवारी आमच्या दाजींनी कॅमेऱ्याच्या दुकानात पाच हजार रुपये ॲडव्हान्स ठेवला आणि मग मला फोन केला. आधी केला असता तर एवढं लिहायची वेळ आली नसती.

कारण अर्थातच एक फॉरवर्ड. नातेवाइकांच्या तीन ग्रुपांवर तो आला, ऑफिसच्या ग्रुपवर आला आणि मागच्या आठवड्यात सोसायटीच्या पाणीपुरवठ्याच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: निकॉनच्या पी१००० या कॅमेऱ्याला १२५ एक्स झूम आहे, म्हणजे डोळ्यापेक्षा १२५ पट जवळचं दिसतं. घराच्या गच्चीतून चंद्रावरचं आपलं विक्रम लँडर दिसतं. डीएसएलआर आणि लाखाच्या लेन्स आता भंगारात काढा. वाघ, विमान, कबड्डी सगळं टिपा, तेही ट्रायपॉडशिवाय. आणि खाली एक क्रमवारी, जेवढे एक्स जास्त तेवढा नंबर वर: पी१००० (१२५), पी९५० (८३), कॅननचा एसएक्स७० (६५), पॅनासॉनिकचा एफझेड८२ (६०), मग सोनीचा आरएक्स१० मार्क ४ (२५) आणि तळाला पॅनासॉनिकचा एफझेड१००० (१६).

दाजींना कॅमेरा हवाय तो लेकीच्या कबड्डीसाठी, आणि थंडीत भिगवणला गेलो की फ्लेमिंगोंसाठी. विक्रम हा बोनस. "चांद्रयान दिसतंय रे यात, व्हिडिओ बघितलाय मी," असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. म्हणून आधी विक्रमच घेतो.

यासाठी बाहेरचा कुठलाही तज्ज्ञ लागत नाही, निकॉनचं स्वतःचं माहितीपत्रक पुरतं. त्यात लिहिलंय: लेन्सची फोकल लेंथ (ही जेवढी लांब तेवढं दूरचं मोठं दिसतं) ४.३ ते ५३९ मिलिमीटर, पूर्ण झूमला ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ ८, फोटो टिपणारा सेन्सर १/२.३ इंची, सोळा मेगापिक्सेल. आता हिशेब करा. हा सेन्सर जेमतेम ६.२ मिलिमीटर रुंद, त्यात आडवे ४,६०८ पिक्सेल. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर. भागाकार केला की एकेका पिक्सेलच्या वाट्याला चंद्रावरचा सुमारे एक किलोमीटर येतो. विक्रम दोन मीटर बाय दोन मीटर. एका पिक्सेलच्या रुंदीत पाचशे विक्रम शेजारी शेजारी उभे राहतील आणि तरी पत्ता लागणार नाही.

बरं, पिक्सेल वाढवून भागेल का? नाही. किती बारीक दिसणार हे झूमवर नाही, लेन्सचं तोंड केवढं आहे यावर ठरतं. फोकल लेंथ भागिले एफचा आकडा की ते तोंड मिळतं: ५३९ भागिले ८ म्हणजे ६७ मिलिमीटर. एवढ्या तोंडाची लेन्स, मग ती कुणीही बनवलेली असो, चंद्रावर एकमेकींपासून चारेक किलोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवूच शकत नाही. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, तिलासुद्धा शंभरेक मीटरच्या आतलं काही सुटं दिसत नाही. विक्रमचा फोटो नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरने २७ ऑगस्ट २०२३ ला काढला खरा, पण तो चंद्राभोवती घिरट्या घालत वरून काढला, आणि त्यातही लँडर म्हणजे एक ठिपकाच आहे. शिवाय विक्रम उतरलंय ६९ अंश दक्षिणेला, म्हणजे इथून बघताना चंद्राच्या कडेशी, तिरकं. गच्चीतून म्हणे!

आता एक गोष्ट कबूल करावी लागते, नाराजीनेच. चंद्र या कॅमेऱ्यात खरंच सुंदर दिसतो. पूर्ण झूमला त्याची प्रतिमा सेन्सरच्या उंचीपेक्षा मोठी होते, वर-खाली कापला जातो. टायको विवर, ८५ किलोमीटर व्यासाचं, कडांसकट दिसतं. दूर फांदीवर निवांत बसलेली घार, स्वच्छ उन्हात, हा कॅमेरा अशी पकडतो की तीनशेची लेन्स लावलेला डीएसएलआरवाला मान खाली घालेल. जे हलत नाही आणि ज्यावर ऊन आहे, त्यासाठी फॉरवर्ड अर्धा खरा आहे.

पण रेडर हलतो.

त्याआधी ते 'एक्स'. एक्स म्हणजे निव्वळ भागाकार: लेन्सची सगळ्यात लांबची फोकल लेंथ भागिले सगळ्यात आखूड. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात (वेगवेगळ्या आकाराच्या सेन्सरांची तुलना याच मापात करतात, इथून पुढचे लेन्सचे आकडेही त्यातलेच) पी१००० जातो २४ पासून ३,००० पर्यंत, म्हणून १२५. पण २४ हा डोळ्याचा नजारा नव्हे, तो बराच पसरट असतो. ५० धरलं तर पूर्ण झूम साठपट भरतो. आणि क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला पांढऱ्या तोफांसारख्या ज्या ६०० मिलिमीटरच्या लेन्स दिसतात, त्यांत झूमच नसतो. फॉरवर्डच्या क्रमवारीत त्यांचा नंबर '१ एक्स', म्हणजे शेवटून पहिला. काढा भंगारात.

आता कबड्डी, कारण पैसे खरे तिथे जाणार आहेत. पूर्ण झूमला वीस मीटरवरून पी१००० च्या फ्रेममध्ये २३ सेंटिमीटर रुंदीची जागा मावते. एक वीत. त्यात लेकीचा चेहरा येईल, तोही ती जागची हलली नाही तर. रेडर आणि दोन डिफेंडर फ्रेममध्ये हवे असतील तर साडेतीन मीटर तरी रुंदी लागते, म्हणजे २०० मिलिमीटरच्या आसपास. ३,००० तल्या २०० साठी दाजी १,४१५ ग्रॅम गळ्यात घालून फिरणार.

नुसता वजनाचाच प्रश्न असता तर मी गप्प बसलो असतो. खरी अडचण वेगाची आहे. पुन्हा तेच माहितीपत्रक: सेकंदाला ७ फोटो, आणि सलग जास्तीत जास्त ७. म्हणजे एका सेकंदात सगळा दारूगोळा संपला, मग कॅमेरा कार्डावर फोटो उतरवत बसणार. रेड तीस सेकंदांची. पकड नेमकी त्या एका सेकंदात झाली तर नशीब. शिवाय फोकस कॉन्ट्रास्ट पाहून लावतो, म्हणजे पुढे-मागे चाचपत. यादीत पाचवा टाकलेला आरएक्स१० मार्क ४ (२०१७ चा आहे, म्हातारा झाला आता) सेकंदाला २४ फोटो काढतो, सलग २४९, आणि फेज डिटेक्शनच्या (न चाचपता थेट फोकस लावण्याची पद्धत) ३१५ बिंदूंनी खेळाडूच्या मागे लागतो. ६०० मिलिमीटरलाही त्याचं ॲपर्चर एफ ४. सेन्सर एक इंची म्हणवतो, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, हे 'इंच' जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापातून आलेत आणि ग्राहकाला गंडवण्यापलीकडे त्यांचा आज उपयोग नाही. तरी क्षेत्रफळ पी१००० च्या सेन्सरच्या चौपट. ट्यूबलाइटच्या उजेडातल्या हॉलमध्ये फोटो दाणेदार येणार की बरा, हे या चौपटीवर ठरतं. एफझेड१०००, तळाचा, २०१४ चा, त्याचाही सेन्सर एवढाच आणि लेन्स एफ २.८ ते ४. कबड्डीसाठी ती यादी खालून वर वाचा.

ट्रायपॉड नको म्हणतात ते स्टॅबिलायझेशनमुळे, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीमुळे. कंपनी पाच स्टॉप सांगते, एकेका स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडा ठेवता येतो. मान्य करू. पण ते तुमचा हात थोपवतं, रेडरचा पाय नाही. त्याला १/५०० सेकंदाचा शटर लागतो म्हणजे लागतो.

वाघाबद्दल एवढंच: ताडोब्यात मे महिन्यात दुपारी ३,००० मिलिमीटरने दूरचं काही टिपलंत, तर मधल्या तापलेल्या हवेचा फोटो येतो. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावरही तेच. सकाळी लवकर जा, जवळ जा. तिथे नावाडी नेतात.

आणि २०२५ चा पी११०० आलाय तो घ्या, असं कुणी सुचवेल. लेन्स तीच, सेन्सर तोच, चार्जिंगची पिन बदलली.

दाजींना मी एकच सांगितलं: ॲडव्हान्स परत मागायला जाल तेव्हा हा कॅमेरा घेऊन दुकानाच्या दारात उभे राहा, पूर्ण झूम करा आणि समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या दुचाक्या फ्रेममध्ये पकडून दाखवा. काल संध्याकाळी जाऊन आले. अर्ध्या तासात तीन सापडल्या म्हणाले. त्यातल्या दोन पार्क केलेल्या होत्या.