चाच्यांच्या कबरी पाहायला जाताय? मग लुटलेल्या जहाजांबद्दलही ऐका

नोसी बोराहा, म्हणजे जुन्या नकाशांतलं सेंट मेरी. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यालगतचं हे लांबुळकं बेट. तिथे उतरलेला जवळपास प्रत्येक पर्यटक ‘चाच्यांचं कब्रस्तान’ बघायला जातोच. मीही गेले. बेट फार सुंदर आहे. लवंगेची झाडं, उन्हात वाळत घातलेल्या लवंगांचा घमघमाट, आणि जुलै ते सप्टेंबर सामुद्रधुनीत पिल्लांसकट येणारे देवमासे. तिथल्या माणसांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण कब्रस्तानाबद्दल जे सांगितलं जातं, ते ऐकून मी अस्वस्थ होऊन परत आले आणि ते आज मला इथे लिहायचंय.

आंबोदिफोतात्रा हे तिथलं मुख्य गाव. गावातून दक्षिणेला बांधावरून खाडी ओलांडायची आणि मग डावीकडे वळून खारफुटीच्या कडेकडेनं चालायचं. वाटेत ओहळ लागतात. ओहोटी असेल तर घोट्याएवढ्या पाण्यातून, दगडांवर पाय ठेवत पलीकडे जाता येतं. भरती चढली की वाट पाण्याखाली जाते, मग होडीशिवाय इलाज नाही. कब्रस्तानाचं टेकाड तेवढ्या वेळापुरतं बेटच होऊन बसतं. माझं माहेर अलिबागचं. कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीला आम्ही असंच ओहोटी गाठून चालत जायचो. आमची आजी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगायची: अष्टमीला सहा, की झालं. त्यामुळे पाणी कधी फिरणार हे त्या वाटाड्या मुलाला मी जेव्हा तीन-तीनदा विचारलं, तेव्हा तो हसला, पण मला ते विचारल्याशिवाय पाऊल टाकवत नाही.

वर गेल्यावर नारळीखाली विखुरलेली थडगी दिसतात. काही कललेली, काही दुभंगलेली. दगड पावसानं काळे पडलेत, अक्षरांत शेवाळ भरलंय, बोट फिरवून वाचावं लागतं. सगळे कॅमेरे ज्या एका दगडाकडे वळतात, त्यावर कवटी आणि तिच्याखाली फुलीसारखी दोन हाडं कोरलेली आहेत. ‘हा बघा चाचा!’ नाव आहे जोसेफ पिएर लशार्तिए, मृत्यूचं साल १८३४. आता १८३४ म्हणजे या बेटावरची चाचेगिरी संपून शंभरावर वर्षं उलटली होती. कवटी आणि हाडं ही युरोपात साध्या ख्रिस्ती माणसाच्या थडग्यावरही कोरत. ‘तुलाही एक दिवस जायचंय’ एवढाच त्याचा अर्थ. तिथे जी नावं वाचता येतात ती बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच लोकांची: खलाशी, अधिकारी, धर्मप्रसारक. घरापासून हजारो मैलांवर मेलेली माणसं. एका मोठ्या काळ्या थडग्यात कॅप्टन किड हा नामांकित चाचा उभा पुरलाय असंही सांगतात. किडला लंडनमध्ये २३ मे १७०१ रोजी फाशी दिलं आणि इतरांना दहशत बसावी म्हणून त्याचं प्रेत थेम्सच्या काठी टांगून ठेवलं. तो इथे कसा येईल?

म्हणजे चाचे इथे नव्हतेच असं नाही. १६९१ मध्ये अॅडम बाल्ड्रिज नावाच्या माणसानं इथे ठाणं मांडलं. न्यूयॉर्कचा व्यापारी फ्रेडरिक फिलिप्स त्याला दारू, बंदुकीची दारू, कपडे पुरवायचा आणि बदल्यात लुटीचा माल आणि गुलाम घ्यायचा. उपसागर आत वळलेला आणि सुरक्षित, गोडं पाणी भरपूर, लिंबू-संत्री मिळणारी, आणि भारत ते तांबडा समुद्र हा श्रीमंत मार्ग आवाक्यात. चाच्यांना आणखी काय हवं होतं! १६९७ मध्ये बेटावरच्याच लोकांनी उठाव करून ते ठाणं उद्ध्वस्त केलं, कारण बाल्ड्रिजनं त्यांच्याच माणसांना फसवून गुलाम म्हणून विकलं होतं. मला विचाराल तर त्या बेटाच्या इतिहासातली अभिमानानं सांगण्यासारखी गोष्ट ही आहे. पण तिचा दगड कुठे नाही आणि टी-शर्टवर तर नाहीच नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. ही लूट यायची कुठून? आपल्याकडून. या बंदरात मालासाठी, डागडुजीसाठी येणारे चाचे सुरतेच्या जहाजांवर टपलेले असायचे. १६९३ मध्ये थॉमस ट्यू तांबड्या समुद्रात एक मोगल जहाज लुटून इथेच आला होता. सप्टेंबर १६९५ मध्ये ट्यू आणि हेन्री एव्हरी वगैरेंनी मिळून सुरतेकडे परतणाऱ्या ताफ्याचा पाठलाग केला. आधी व्यापारी अब्दुल गफूरचं ‘फतेह मुहम्मद’ गाठलं (ट्यू त्याच सुमारास मारला गेला) आणि मग एव्हरीनं ‘गंज-ए-सवाई’ पकडलं. औरंगजेबाचं हे जहाज सुरत बंदरातलं सगळ्यात मोठं. त्यावर मक्केहून परतणारे यात्रेकरू होते, बायका होत्या. जहाजावरचीच एक तोफ फुटली, गोंधळ उडाला आणि चाचे वर चढले. पुढे कित्येक दिवस त्यांनी पुरुषांना पैशांसाठी छळलं आणि बायकांवर अत्याचार केले. काही बायकांनी समुद्रात उड्या टाकल्या, काहींनी सुरी मारून घेतली, असं खाफी खान या त्याच काळातल्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय.

मला माहितीये, हे वाचताना काहींच्या मनात येईल, ‘औरंगजेबाचं जहाज ना? मग बरं झालं की!’ बादशहा तेव्हा दख्खनेतच तळ ठोकून होता, मराठ्यांशी त्याची लढाई ऐन भरात होती, हे खरंच आहे. पण जहाज त्याचं असलं तरी त्यावर तो नव्हता. यात्रेहून घरी निघालेल्या म्हाताऱ्या बायका होत्या. त्यांच्या मरणाचं समाधान वाटण्याइतका आपला इतिहास कोता नाही. शत्रूच्या बायकांना हात लावायचा नाही ही शिस्त ज्या राजानं आपल्या सैन्याला लावली, त्याचं नाव आपण रोज घेतो.

बरं, हे एकदाच झालं असंही नाही. जानेवारी १६९८ मध्ये किडनं मलबार किनाऱ्याजवळ ‘केदाह मर्चंट’ हे बंगालहून सुरतेला चाललेलं जहाज पकडलं आणि तो थेट इथे आला. त्याचे बरेच खलाशी इथेच रॉबर्ट कलिफर्ड या दुसऱ्या चाच्याला जाऊन मिळाले, त्याचं स्वतःचं गळकं ‘अॅडव्हेंचर गॅली’ इथेच सोडून द्यावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरात कलिफर्डनं आणखी एक मोठं भारतीय जहाज लुटलं. पुन्हा तेच यात्रेकरू, पुन्हा त्याच बायका. या माणसांची नावं आज हॉटेलांना आणि दारूच्या बाटल्यांना दिली जातात. जी समुद्रात गेली त्यांची नावं कोणी टिपूनही ठेवली नाहीत.

आता अलिबागकडे येते, कारण हा धागा तिथे फार घट्ट जुळतो. १७२१ मध्ये कमोडोर थॉमस मॅथ्यूज इंग्लंडहून आरमार घेऊन निघाला तो मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला. पण चाच्यांकडे जाण्याआधी तो मुंबईत आला आणि वर्षअखेरीस पोर्तुगीजांना सोबत घेऊन ईस्ट इंडिया कंपनीनं अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर जी चढाई केली तीत सामील झाला. समोर कोण? कान्होजी आंग्रे, मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. हल्ला फसला, बाजीरावाची फौज मदतीला आली आणि पोर्तुगीजांनी तह केला. मग १७२२ मध्ये मॅथ्यूज सेंट मेरीला पोचला. त्याच्या आरमारातल्या क्लेमंट डाउनिंगनं लिहिलंय की किनाऱ्यावर मसाल्याच्या पदार्थांचे आणि चिनी मातीच्या भांड्यांचे ढीग पडले होते, लुटलेली जहाजं मोडून पडली होती. आणि मॅथ्यूजनं केलं काय? चाच्यांचा नायनाट नाही. त्यांच्याशी खरेदी-विक्री केली! त्याबद्दल पुढे १७२४ मध्ये त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि तो दोषी ठरला.

कान्होजी परवाना घेतल्याशिवाय आपल्या किनाऱ्यावरून जहाज जाऊ देत नसत आणि परवाना नसलेलं जहाज पकडत, हे मी लपवत नाही. पण पोर्तुगीज तेच करत होते, आणि कान्होजी हे छत्रपतींच्या राज्याचे नेमलेले अधिकारी होते. त्यांच्यावर तोफा डागल्या गेल्या आणि ज्यांनी खरोखर यात्रेकरूंचे गळे कापले त्यांच्याशी माल बदलला गेला. लहानपणी इंग्रजी पुस्तकात आंग्र्यांचा उल्लेख लुटारू म्हणून वाचताना मला रडू आलं होतं. त्या टेकाडावर उभी असताना त्या रडण्याचं कारण मला नीट मांडता आलं.

माझ्यासोबतच्या वाटाड्याला मी हे सगळं मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं. त्यानं सुरतेचं नावही ऐकलं नव्हतं. त्याचा काय दोष? त्याला जे पाठ करायला दिलं ते तो सांगतो, पर्यटकांना ते आवडतं आणि त्यावर त्याचं घर चालतं. खजिन्याच्या गोष्टीही तशाच. २०१५ मध्ये किडचा चांदीचा तुकडा सापडल्याची बातमी जगभर झळकली. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी तपासलं तर ते होतं शिसं. त्या पडताळणीची बातमी मात्र मूळ बातमीइतकी पसरली नाही.

२०२५ मध्ये अमेरिकन संशोधकांनी आणखी एक दावा केला. आंबोदिफोतात्राच्या बंदरात बुडालेलं एक जहाज ‘नोसा सेन्योरा दो काबो’ आहे असं ते म्हणतात. हे जहाज गोव्याहून लिस्बनला निघालं होतं, त्यावर गोव्याचा मावळता व्हाइसरॉय होता, आणि एप्रिल १७२१ मध्ये रेयुनियन बेटापाशी ला ब्यूझ आणि टेलर या चाच्यांनी ते पकडलं. अवशेषांत हस्तिदंती ख्रिस्ती मूर्ती मिळाल्याचं सांगतात. दावा टिकेल की नाही ते पडताळणीत कळेल. टिकला, तर त्या वस्तू आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या आहेत.

म्हणून गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या इतिहास अभ्यासकांना माझी कळकळीची विनंती आहे. मादागास्करच्या लोकांशी आत्ताच बोला. उद्या तिथे त्या जहाजाचं संग्रहालय उभं राहिलं, तर चाच्याच्या चित्राशेजारी गोवा आणि सुरत ही नावं यावीत, ‘गंज-ए-सवाई’वरच्या बायकांची हकिकत यावी, आणि १६९७ मध्ये बाल्ड्रिजला हाकलणाऱ्या बेटकऱ्यांची तर सगळ्यात आधी यावी. अलिबागच्या माझ्या शाळासोबत्यांनो, तुमच्यापैकी कोणाची तिथल्या विद्यापीठात किंवा दूतावासात ओळख असेल तर मला मेसेज करा. मसुदा मी लिहायला घेतलाय.