हैतीला दरिद्री म्हणण्याआधी तो १८२५चा कागद वाचा

माझी भाची आठवीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिनं ‘गुलामगिरीचा अंत’ हा विषय घेतला आणि परवा रात्री फोनवर मला भाषण म्हणून दाखवलं. तिसऱ्याच वाक्याला मी तिला थांबवलं. “काळ्या गुलामांना स्वातंत्र्य मिळालं ते गोऱ्यांच्या दयाबुद्धीमुळे,” असं ती खणखणीत आवाजात म्हणाली होती. कुठून आणलंस हे, म्हणून विचारलं तर घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज. तो मलाही तीन-चार ठिकाणांहून आला होता आणि प्रत्येक वेळी मी ‘कोण वाद घालत बसणार’ म्हणून सोडून दिला होता. ते चुकलंच माझं.

मेसेज लांबलचक आहे, पण म्हणणं एवढंच: आफ्रिकेतल्या लोकांनीच आपली माणसं विकली. गुलामांनी शेकडो वर्षं निमूट सोसलं. शेवटी इंग्रज आणि अमेरिकनांनी दया येऊन त्यांना सोडलं, महात्मा फुल्यांनीसुद्धा त्याबद्दल अमेरिकनांचं कौतुक केलंय. आणि कॅरिबियन समुद्रातल्या एकट्या हैतीनं स्वतः लढून स्वातंत्र्य घेतलं, तर आज तो भिकेला लागलेला देश आहे, म्हणजे काळ्यांना राज्य चालवता येत नाही.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, तो मान्य करतो. पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमीच्या राजांनी लढाईत पकडलेली माणसं विदा बंदरावर विकली, हा इतिहास आहे. पण काँगोचा राजा अफोन्सो यानं १५२६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून तक्रार केली होती की तुमचे व्यापारी आमची माणसं, अगदी सरदारांची मुलं आणि आमचे नातलगसुद्धा, पळवून नेतायत. हाही इतिहासच आहे, तो मेसेजमध्ये का नाही? अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली आणि जेमतेम एक कोटी सात लाख जिवंत उतरली. ती जहाजं कोणाची होती, ते सांगायला नको.

‘निमूट सोसलं’ हे तर सपशेल खोटं. ब्राझीलमध्ये पळून गेलेल्या गुलामांनी पाल्मारेस नावाची वस्ती उभी केली आणि सतराव्या शतकाचा बहुतेक काळ ती टिकवली. तिचा म्होरक्या झुंबी याला १६९५ साली मारून त्याचं डोकं चौकात टांगलं. जमैकाच्या डोंगरात राहणाऱ्या मरून लोकांनी, म्हणजे मळ्यांवरून निसटलेल्या गुलामांनी आणि त्यांच्या वंशजांनी, इंग्रजांना इतकं जेरीस आणलं, की १७३९ साली इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला.

आता दया. १८३१च्या नाताळात जमैकात सॅम शार्प या गुलाम धर्मोपदेशकानं ठरवलं, की मजुरी मिळाल्याशिवाय सुट्टीनंतर ऊस तोडायचा नाही. हजारो गुलाम उठले, मळे पेटले. तीनशेहून अधिक माणसांना मृत्युदंड झाला, शार्पला मे १८३२मध्ये फाशी दिलं. आणि १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटनं गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. इंग्लंडात त्यासाठी मनापासून झटणारी माणसं होती, हे खरंय. पण त्या कायद्यानं दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना! गुलामांना दमडीही नाही. उलट १८३८पर्यंत त्यांनी ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मळ्यांवर बिनपगारी राबायचं. ती संपेपर्यंत मॉरिशसच्या मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून गिरमिटावर, म्हणजे ठराविक वर्षांच्या करारानं बांधून, मजूर न्यायला सुरुवात केली होती. तिथले आजचे मराठी भाषक त्याच मजुरांचे वंशज. दया असती तर नवी माणसं जुंपायची वेळ आली नसती.

फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, हे बरोबर. पण कशासाठी? आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावं म्हणून. ती अर्पणपत्रिका आपल्याला उद्देशून आहे. ज्यांनी स्वतःच्या सुटकेसाठी लढा दिला त्यांना विसरा, असं तिच्यात कुठेही नाही. अमेरिकेतली गुलामगिरी ज्या यादवी युद्धात संपली, त्यात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० काळे सैनिक होते आणि त्यातले कितीतरी मालकाकडून पळून आलेले होते.

आता हैती. या एका मुद्द्यासाठीच मी लिहायला बसलो, कारण हेच वाक्य भाचीच्या भाषणात टाळ्यांसाठी शेवटी ठेवलं होतं.

हैती ही फ्रान्सची सर्वांत किफायतशीर वसाहत होती. युरोपात खपणाऱ्या साखरेचा मोठा वाटा आणि निम्म्याहून अधिक कॉफी इथून जायची, आणि ती पिकवायला जवळजवळ पाच लाख गुलाम होते. ऑगस्ट १७९१मध्ये उत्तरेच्या मैदानातले उसाचे मळे त्यांनी पेटवले. पुढची बारा वर्षं ही माणसं फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रज अशा तिन्ही फौजांशी लढली. नेपोलियननं आपल्या मेव्हण्याला मोठं सैन्य देऊन पाठवलं. गुलामांचा सेनानी तूसाँ लूव्हेर्त्यूर याला बोलणीच्या मिषानं पकडून फ्रान्सच्या डोंगरातल्या थंडगार किल्ल्यात डांबलं, तिथे तो एप्रिल १८०३मध्ये वारला. तरी लढाई थांबली नाही. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तियेरच्या टेकडीवर कापवा नावाचा काळा अधिकारी तोफांसमोर चालून गेला. घोडा गोळ्यानं पडला, तो तलवार उपसून पायी पुढे निघाला. असं सांगतात, की फ्रेंच सेनापतीनं नगारा वाजवून तोफा थांबवल्या आणि त्याच्या शौर्याला मुजरा पाठवला. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

मेसेज इथून थेट आजच्या गरिबीवर उडी मारतो. मधला कागद गाळून.

तो कागद म्हणजे फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याचं १७ एप्रिल १८२५चं फर्मान. तीन कलमांचं, छोटंसं. पहिल्या कलमात हैतीची बंदरं सगळ्यांना खुली, पण फ्रेंच जहाजांना निम्मीच जकात. दुसऱ्यात, हैतीच्या रहिवाशांनी जुन्या फ्रेंच वसाहतवाल्यांच्या भरपाईसाठी १५ कोटी फ्रँक पाच वार्षिक हप्त्यांत भरायचे, पहिला हप्ता ३१ डिसेंबर १८२५ला. तिसऱ्यात, या अटींवर तुम्हाला स्वातंत्र्य देतो. हे फर्मान चौदा युद्धनौकांच्या बळावर हैतीच्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती ठेवलं गेलं.

भरपाई कशाची? मळ्यांची आणि मळ्यांवरच्या माणसांची. म्हणजे जे गुलाम होते, त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी स्वतःच्या शरीराची किंमत जुन्या मालकाला चुकती करायची. रक्कम किती अवाढव्य होती ते बघा. १८०३ साली याच फ्रान्सनं लुइझियाना हा महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट प्रदेश अमेरिकेला ८ कोटी फ्रँकांना विकला होता. आजची हैती आपल्या कोकण विभागाहूनही लहान आहे.

पहिला हप्ता ३ कोटींचा. तेवढा पैसा नव्हता, म्हणून हैतीनं पॅरिसच्या सावकारांकडूनच ३ कोटींचं कर्ज काढलं. हातात पडले २ कोटी ४० लाख, बाकीचे सावकारांनी आधीच कापून घेतले. एका खंडणीची दोन कर्जं झाली. १८३८ साली एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, तरी कॉफी पिकवणारा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ते फेडत राहिला. त्या कर्जांची शेपटं १९४७पर्यंत चालली. शाळा, रस्ते, दवाखाने कशातून बांधायचे होते त्यांनी? त्यात अमेरिकेनं हैतीला मान्यताच दिली १८६२ साली, डिसेंबर १९१४मध्ये तिच्या नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतलं पाच लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं आणि १९१५ ते १९३४ तो देश ताब्यात ठेवला.

हैतीचे स्वतःचे राज्यकर्ते धुतल्या तांदळासारखे नव्हते. दुव्हालिए बाप-लेकांनी १९५७ ते १९८६ देश अक्षरशः ओरबाडला. हे मी नाकारत नाही. पण लुबाडणारे हुकूमशहा युरोपातही झाले आणि त्यावरून गोऱ्या कातडीला राज्य करता येत नाही असं कोणी ग्रुपवर पाठवत नाही.

भाचीला हे सगळं तासभर सांगितलं. तिनं शेवटचं वाक्य खोडलं आणि विचारलं, “मामा, ते पैसे परत मिळाले का मग?”

नाही मिळाले. २००३ साली हैतीचे राष्ट्राध्यक्ष आरिस्टिड यांनी हिशेब करून २१ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम फ्रान्सकडे मागितली. पुढच्याच वर्षी ते सत्तेवरून गेले. एप्रिल २०२५मध्ये, फर्मानाला बरोबर दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, फ्रान्सच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती जाहीर केली. पैशांबद्दल त्यांनी शब्द दिला नाही.

भाषण शनिवारी आहे. आता ते कापवाच्या घोड्यापासून सुरू होतं.