सावली दुपारी 11 ते 4 बंद राहील

मला कुणीतरी एकदा समोर बसवून नीट समजावून सांगा, शहरातली बाग ऐन उन्हाळ्यात दुपारी 11 ते 4 कुलूप लावून ठेवायची ही अक्कल कुणाची?

पुण्यात राहतो. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. एप्रिल लागला की सकाळी दहालाच पंखा गरम हवा फेकायला लागतो. चालत पाच मिनिटांवर बाग आहे. आत एक जुना वड, कडुनिंबांची रांग आणि मधोमध एवढा ऐसपैस पसरलेला पर्जन्यवृक्ष, की खाली अख्खं लग्न लागेल. रस्त्यावरून त्या झाडाखाली गेलं की अंगावरची तापलेली घोंगडी कुणीतरी ओढून काढल्यासारखं वाटतं. पण हे सुख सकाळी फिरायला येणाऱ्यांना, नाहीतर संध्याकाळच्या गर्दीला. दुपारी तिथे काय असतं ते फक्त वॉचमनला ठाऊक. तो बिचारा आत वडाखाली खुर्ची टाकून बसलेला असतो आणि आपण गजांच्या या बाजूला, डांबरावर.

फाटकावरचा बोर्ड तर वाचण्यासारखा आहे. हिरवळीवर बसू नये. खाद्यपदार्थ आणू नयेत. चेंडू खेळू नये. झाडांना झोके बांधू नयेत. फुले तोडू नयेत. आणि एवढं सगळं न करण्यासाठीसुद्धा दुपारी येऊ नये! दुकानांच्या एक ते चारवर विनोद करून अख्ख्या महाराष्ट्राने पुणेकरांचा पिच्छा पुरवला, ते आम्ही हसून घेतलं. दुकानदाराला वामकुक्षी हवी, ठीक आहे, त्याचं दुकान. पण झाडांना कसली वामकुक्षी?

दरवर्षी मार्च सरला की फोनवर सूचनांचा पाऊस. दुपारी 12 ते 3 उन्हात जाणं टाळा, भरपूर पाणी प्या, सावलीत थांबा, हलके सुती कपडे घाला. आपत्ती व्यवस्थापनवाल्यांचं हे सांगणं शंभर टक्के बरोबर आहे. एप्रिल 2019 मध्ये शिवाजीनगरचा पारा 43 अंशांवर गेला होता. ‘पुण्याची हवा छान’ म्हणून इथे घर घेतलेले निवृत्त काका त्या आठवड्यात ओले पंचे डोक्यावर घेऊन बसले होते. तर सावलीत थांबा हे कबूल. पण कुठल्या सावलीत? ज्या तासांत एक खातं सांगतं सावलीला जा, नेमक्या त्याच तासांत दुसरं खातं सावलीला कुलूप घालतं. दोघांनी एकदा एकमेकांना फोन करा की!

बंद का, म्हणून विचारलं तर पहिलं उत्तर ‘देखभाल’. झाडांना पाणी घालायचं असतं म्हणे. भर दुपारी? कुंडीत तुळस लावणारी आजीसुद्धा सांगेल, पाणी घालायचं ते सकाळी लवकर नाहीतर उन्हं उतरल्यावर. टळटळीत उन्हात घातलेलं बरंचसं पाणी वाफ होऊन जातं. आणि खरंच पाणी घालत असते तरी मी गप्प बसलो असतो. गजांतून दिसतं ना सगळं. पाइप गुंडाळून ठेवलेला असतो आणि माळीकाका डबा खाऊन आडवे झालेले असतात. झोपावंच त्यांनी, पहाटेपासून राबतात. माझं म्हणणं एवढंच, तिथे अजून दोनशे माणसं मावतात.

खरं कारण जरा खोदून विचारलं की बाहेर येतं. दुपारी ‘नको ते लोक’ येतात. म्हणजे कोण? तर जोडपी येतात आणि लोक येऊन झोपतात.

बसली! वीस-बावीस वर्षांची दोन पोरं एका बाकावर बसली, तर शहर बुडतं का? कॉट बेसिसवर राहणारी पोरं ती. एका खोलीत चार कॉट, खिशात महिनाअखेरीची चिल्लर. बोलायचं तर कुठे बोलायचं त्यांनी? आणि झोपतात तर झोपू दे ना! उन्हातान्हात राबलेला माणूस झाडाखाली अंग टाकतो, याच्याहून झाडाचा चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. गावात पारावर कुणी आडवा झाला तर कुणी शिट्टी वाजवत येत नाही. इथे बाकांच्या मधोमध लोखंडी दांडे ठोकलेत, पाय पसरता येऊ नयेत म्हणून. त्या दांड्यांचं टेंडर निघालं असेल, कुणीतरी त्यावर सही केली असेल.

कोण झोपतं, तेही बघा एकदा. सकाळची चार घरची धुणीभांडी उरकून दुपारच्या कामाआधी दोन तास मोकळ्या असलेल्या बायका. त्या घरी जाऊन परत यायचं म्हटलं तर तेवढेच तास बसमध्ये जातात. मग त्या कुठल्यातरी जिन्याखाली बसतात, तोवर सोसायटीचा माणूस ‘इथे बसू नका’ म्हणत येतोच. डिलिव्हरीची पोरं पुढच्या ऑर्डरची वाट बघत तापलेल्या गाडीच्या सीटवर कडेने टेकलेली असतात, डोक्यावर हेल्मेट, कारण सावली म्हणून तेवढंच आहे. स्पर्धा परीक्षेवाली पोरं अभ्यासिकेचे पैसे भरतात, त्यात एसीचे वेगळे. घरात एकटी असलेली म्हातारी माणसं. आणि कुलूप चार वाजता उघडतं, तेव्हा फाटकातून पहिलं आत जातं कोण? ट्रॅकसूट घातलेले, घरून एसीतून निघालेले आम्ही.

मुलांचं तर विचारूच नका. परीक्षा संपल्या, सुट्टी लागली, मामाचा गाव आता प्रत्येकाच्या नशिबात नाही. मामाच बालेवाडीला वन बीएचकेत राहतो. दुपारभर पोरं घरात मोबाइल घेऊन पडतात आणि मग आपणच व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आमच्या वेळची सुट्टी’ वाटत फिरतो. आमच्या वेळी काय होतं? झाड होतं आणि खाली बसू देत होते, एवढंच! कैरीच्या फोडींना तिखटमीठ लावून आणायचं, करवंदांचा द्रोण मध्ये ठेवायचा आणि झब्बू नाहीतर पाच-तीन-दोन. दुपार कशी गेली कळायचं नाही. खर्च शून्य. आज माझ्या शेजारच्या पोरांनी पार्किंगमध्ये पत्ते मांडले, तर तिथेही पाटी: येथे खेळू नये.

मग लोक सल्ले देतात. मॉलमध्ये जा, गार असतं. असतं ना. पण दारात पिशवी तपासतात आणि कपडे बघून माणूसही तपासतात. दहा मिनिटं नुसतं बसलं की कुणीतरी ‘सर, ऑर्डर?’ म्हणत येतं आणि दोघांच्या कॉफीत घरचा आठवड्याचा भाजीपाला निघून जातो. देवळात बसा म्हणावं, तर दुपारी देवही दार लावून घेतो. बसस्टॉप आता स्टीलचे झालेत, दुपारी एक वाजता त्या बाकावर बसून दाखवा. एकच जागा उरते ती रसवंती. घुंगरं वाजतायत, चरकातून रस पडतोय, आलं-लिंबू घातलेला एक ग्लास घ्या आणि पत्र्याच्या सावलीत हवं तितकं बसा, मालक उठ म्हणणार नाही. या शहरात मला फुकट बसायला जागा देणारा शेवटचा माणूस उसाच्या रसाचा धंदा करतो, बागांचं खातं चालवत नाही.

पैसे नाहीत म्हणूनही बाग बंद नाही. त्याच बागेत ‘आय लव्ह’ची लाल अक्षरं उभी राहिली. सिमेंटचा जिराफ आला. रंगीत दिव्यांचं कारंजं आलं, ते दोन महिने नाचलं आणि आता त्यात डास होतात. पाणपोईचा माठ मात्र फुटला तो फुटलाच.

आणि माझं डोकं सगळ्यात जास्त कशाने फिरतं सांगू? तो पर्जन्यवृक्ष. उन्हात पानं पूर्ण उघडतो आणि दिवस कलला की मिटून घेतो, ही त्याची सवय. म्हणजे भर दुपारी तो सगळी छत्री उघडून उभा असतो तेव्हा खाली कुणी नसतं. आणि संध्याकाळी बाग भरते, सेल्फी सुरू होतात, तोवर त्याची आवराआवर सुरू झालेली असते.

हे कुठे होऊच शकत नाही असंही नाही. बंगळुरूने 2024 मध्ये आपली उद्यानं पहाटे 5 ते रात्री 10 सलग उघडी ठेवायचं जाहीर केलं. तिथेही जोडपी आहेत, तिथेही लोकांना दुपारी झोप येते.

मी कारंजं मागत नाही. मार्च ते जून, चार महिने, दुपारी कुलूप काढा. बाकांचे दांडे कापा. दोन माठ ठेवा आणि ते भरायला एका माणसाला पगार द्या, आत्ताच्याच वॉचमनला द्या, त्याला शिट्ट्या मारण्यापेक्षा ते बरं वाटेल. मी त्याला विचारलंय. तो म्हणाला, “साहेब, मला काय, मी आत्ता उघडतो. पण वरून ऑर्डर आहे.”

वर कोण बसतं ते मला माहीत नाही, पण त्या खोलीत एसी आहे आणि तो दुपारी 11 ते 4 बंद नसतो.