कुलूपबंद घराची किंमत कोण मोजतं?

दर हिवाळ्यात सुट्टीवर पुण्याला गेलो की दुसऱ्या दिवशी सकाळी कोथरूडचा फ्लॅट उघडायचा, हा आमचा दहा वर्षांचा नेम होता. दाराखालून सरकवलेल्या मेंटेनन्सच्या पावत्या पायाखाली यायच्या. नळ सोडला की आधी नुसती हवा खोकायची, मग लालसर पाणी यायचं, बादलीभर वाहून गेलं की स्वच्छ. फ्रीजचं दार मिटू नये म्हणून मध्ये वर्तमानपत्राची गुंडाळी खोचलेली असायची. ते वर्तमानपत्र २०१४ सालचं होतं, आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला निघालो त्या आठवड्यातलं. बाल्कनीत पारव्यांनी संसार थाटलेला. आम्ही दोघं झाडलोट करायचो, खिडक्या तासभर उघड्या ठेवायचो आणि पुन्हा कुलूप लावून निघायचो. दोन बेडरूम, भरपूर उजेड, पाण्याची ददात नाही, आणि वर्षातले साडेतीनशे दिवस तिथे माणूस नाही.

फेब्रुवारी २०२५मध्ये आम्ही तो विकला. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर वाद चालू आहे, आणि त्या वादाचं उत्तर सविस्तर द्यावं म्हणून हे लिहितो आहे. माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, त्याचं म्हणणं थोडक्यात असं : "विकायची घाई काय होती तुला? जागेला मरण नसतं. तुला तिकडे काही कमी आहे का?" त्याच ग्रुपवर आमच्या भाच्याला घर मिळत नाही म्हणूनही सगळे हळहळतात. नवरा-बायको दोघं कमावतात, तरी कोथरूड सोडा, वारजेसुद्धा हाताबाहेर गेलंय. मग बिल्डरांना शिव्या घालून होतात, बाहेरून आलेल्यांना घालून होतात, काळ्या पैशाला घालून होतात. कुलुपांबद्दल मात्र कुणीच बोलत नाही, कारण ग्रुपवरच्या निम्म्या घरांकडे एकेक कुलूप आहे.

माझं मत इथे, परदेशात घर घेताना बनलं, म्हणून आधी ते सांगतो.

२०२२च्या उन्हाळ्यात आम्हाला लीड्समध्ये एक घर पसंत पडलं. मालकाने आमची किंमत मान्य केली. इंग्लंडमध्ये 'मान्य' या शब्दाला काहीही वजन नाही, हे मला तेव्हा कळलं. दोन्हीकडच्या वकिलांनी करारांची अदलाबदल करेपर्यंत दोघांपैकी कुणीही उठून जाऊ शकतो. आपल्याकडची इसारपावती, टोकन, असलं काही नाही. आम्ही सर्व्हे करून घेतला, वकिलाला पैसे दिले, नगरपालिकेच्या नोंदींचे शोध मागवले. सातव्या आठवड्यात एजंटचा फोन आला की मालकाला जास्त पैसे देणारा भेटलाय. याला इथे गझम्पिंग म्हणतात आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहे. आमचे हजारभर पौंड गेले ते गेले. दुसरं घर पाहिलं, तर ते साखळीत अडकलेलं होतं. म्हणजे आमचा मालक ज्याचं घर घेणार तो तिसऱ्याचं घेणार, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी सामान हलवायचं. २३ सप्टेंबरला इथल्या सरकारचं, कर्जाच्या जोरावर करकपात जाहीर करणारं ते मिनी-बजेट आलं, आठवड्याभरात बँकांनी गृहकर्जाच्या योजना धडाधड मागे घेतल्या, साखळीतल्या कुणाचं तरी कर्ज गेलं आणि सगळी माळच सुटली. अखेर २०२३मध्ये घर मिळालं, तोवर व्याजाचा दर चांगलाच चढला होता.

त्या वर्षात मला एक गोष्ट कळली. घरांच्या बाजारात ताकद पैशापेक्षाही थांबण्याची असते. ज्याला थांबता येतं त्याच्या शब्दावर सौदा होतो. आमचा भाडेकरार संपत आला होता, मुलीची शाळा बदलायची होती, आम्हाला थांबता येत नव्हतं, म्हणून आम्ही प्रत्येक वेळी दोन पावलं मागे घेत गेलो.

आणि त्याच वेळी पुण्यात मी स्वतः थांबू शकणारा माणूस होतो. दलालाला नुसतं विचारलं, "काय येतील?" तर तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला कुठे पैशांची नड आहे? आणखी दोन वर्षं थांबा." सल्ला खोटा नव्हता. थांबण्याचा मला वेगळा काही खर्च नव्हता. घर बंद आहे म्हणून महापालिकेने कधी जादा कर मागितला नाही. आयकराच्या नियमात २०१९-२०पासून दोन घरांपर्यंत 'स्वतःच्या वापरातलं' म्हणून उत्पन्न शून्य धरता येतं, म्हणजे तिथेही काही लागत नाही. सगळ्यात खटकतं ते सोसायटीचं. घर भाड्याने दिलं तर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेऊ शकते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. घराला कुलूप लावून ठेवलं तर घेता येत नाहीत. चार माणसांना आसरा दिला तर भुर्दंड, पारव्यांना दिला तर माफ. कुणी मुद्दाम असा नियम केला असेल असं नाही, पण त्याचा परिणाम आमच्या विंगमध्येच दिसतो. वीस फ्लॅट, त्यातले पाच बंद. वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये खिळ्यांना चाव्या लटकलेल्या असतात.

हे फक्त आमच्या विंगचं नाही. २०११च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी आढळली होती, आणि २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालात सरकारनेच ती गोष्ट मांडली होती. झोपडपट्टीत, चाळीत, एका खोलीत पाच-सहा जण राहणाऱ्या शहरात एवढी घरं रिकामी आहेत हे वाचलं की माझ्या पोटात कालवतं. त्यातली सगळी माझ्यासारख्यांची नसतील. काही न विकलेली असतील, काही कोर्टकज्ज्यात. पण माझ्यासारख्यांची नाहीत असंही नाही.

इंग्लंडमध्ये वर्षभर रिकाम्या राहिलेल्या, सामान नसलेल्या घराला स्थानिक कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, दुप्पट कर लावू शकते. १ एप्रिल २०२४पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती, ती एकावर आणली. पाच वर्षं रिकामं राहिलं तर तिप्पट, दहा वर्षं राहिलं तर चौपट. माझा कोथरूडचा फ्लॅट इथे असता तर तो चौपटीच्या हिशेबात बसला असता. विकायला काढलेल्या किंवा वारसाहक्काचं काम चालू असलेल्या घराला काही काळ सवलत मिळते, तीही योग्यच आहे. आमच्या रस्त्यावर एका आजींचं घर त्यांच्यामागे बराच काळ बंद होतं. पुढे त्यांच्या पुतण्याने विकलं आणि आता तिथे तीन मुलांचं कुटुंब राहतं. कर भरावा लागला म्हणूनच विकलं असं मी म्हणणार नाही, पण थांबण्याची किंमत त्याला मोजावी लागत होती हे नक्की.

इथलं सगळं गोड आहे असं सांगायला मी बसलेलो नाही. लंडनमधलं सरासरी घर ईशान्य इंग्लंडमधल्या घराच्या साधारण तिप्पट किमतीचं आहे, आणि कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, मात्र अजून १ एप्रिल १९९१च्या किमतींवर बेतलेला आहे. म्हणजे लंडनमध्ये ज्याचं घर कित्येक पट महागलं तोही पस्तीस वर्षांपूर्वीच्या करगटातच. शिवाय घर घेताना स्टँप ड्युटी आहेच. २०११च्या मिर्लीस अहवालात इथल्या अर्थतज्ज्ञांनी सांगून टाकलं की हा कर रद्दच करावा, कारण माणसं त्यामुळे गैरसोयीच्या घरात अडकून पडतात. कुणी ऐकलं नाही. फक्त करोनाच्या काळात, २०२०मध्ये, ब्रिटिश सरकारने इंग्लंडमध्ये ५ लाख पौंडांपर्यंतच्या घरांवरची ड्युटी तात्पुरती माफ केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्राने तीन टक्के कमी केली. दोन्हीकडे गर्दी उसळली, दोन्हीकडे मुदत संपली आणि जैसे थे.

दादाच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र आमच्या विक्रीच्या हिशेबात आहे. फ्लॅट २००९मध्ये ३८ लाखांना घेतला होता, ९६ लाखांना गेला. खरेदी-विक्रीच्या व्यवहारावर सरकार दोन्ही बाजूंनी बसलेलं आहे. घेणाऱ्याला पुण्यात ७ टक्के स्टँप ड्युटी. विकणारा अनिवासी असेल तर घेणाऱ्याने नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर कर कापायचा, जोवर मी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणत नाही तोवर. अधिभार आणि उपकर धरून ही कपात १४.३ टक्के होत होती, म्हणजे पावणेचौदा लाखांच्या आसपास. निवासी माणसाकडून घेतलं असतं तर १ टक्का. माझ्याकडून कापलेला कर भरण्यासाठी घेणाऱ्यांना वेगळा टॅन नंबर काढावा लागला. दलाल लोक "एनआरआयचा फ्लॅट नको" असं का म्हणतात ते मला त्या दोन महिन्यांत समजलं.

आणि नफ्यावरचा कर. जुलै २०२४पासून महागाईचा निर्देशांक लावून खरेदीची किंमत वाढवून धरण्याची सोय गेली. जुन्या घरांसाठी निवासी भारतीयांना पर्याय ठेवला, अनिवासींना नाही. माझ्या शेजाऱ्याने त्याच दिवशी, त्याच किमतीला, त्याच वर्षी घेतलेला फ्लॅट विकला असता तर त्याची खरेदी निर्देशांकाने ९३ लाखांपर्यंत गेली असती आणि कर साठ हजारांच्या आत बसला असता. मला आठ लाखांच्या वर बसला. इथल्या मराठी मित्रमंडळात याबद्दल प्रचंड राग आहे, आणि भेदभाव आहेच. पण माझा आक्षेप वेगळा आहे. मी दहा वर्षं घर बंद ठेवलं तेव्हा त्याबद्दल कुणी एक रुपया जादा मागितला नाही. ते राहत्या माणसांच्या हाती दिलं त्या दिवशी मला आणि त्यांना मिळून पंधरा लाखांच्या आसपास भरावे लागले. शिवाय याच पैशांत भारतात दुसरं घर घेतलं असतं तर मला करात सूट होती! म्हणजे पुन्हा एक कुलूप. सोडणाऱ्याला दंड आणि अडवणाऱ्याला अभय अशी रचना असेल तर लोक अडवणारच, आणि ज्याला आजच्या आज डोक्यावर छप्पर हवंय त्याच्याच खिशातून त्याची किंमत निघणार. ड्युटी कमी करा आणि बंद घरावर कर लावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

दादा म्हणतो, भाड्याने द्यायचं होतं, विकायचं कशाला? त्याचा हा मुद्दा मला मान्य आहे, आणि दहा वर्षं ते केलं नाही ही चूक माझीच. भाडेकरू निघत नाही ही भीती आमच्या वडिलांच्या पिढीची, पागडीच्या काळातली. १९९९च्या भाडेनियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा मिळवायची वेगळी वाट आहे, आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागते. मला हे माहीत होतं. तरी 'कधीतरी परत जाऊ' या विचारावर मी कुलूप ठेवलं. तो विचार खोटा नव्हता. पण त्याचं भाडं कोण भरत होतं, ते मी पाहिलं नाही.

किमतीबद्दलही एक सांगायलाच हवं. इथे कुठलंही घर किती पौंडांना विकलं गेलं हे लँड रजिस्ट्रीच्या नोंदीत कुणीही पाहू शकतो, १९९५पासूनचं. आपल्याकडेही इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा, ऑनलाइन दिसतो, ही गोष्ट इथल्या लोकांना सांगितली की आश्चर्य वाटतं. पण आमच्याच बिल्डिंगचे जुने इंडेक्स टू मी काढून पाहिले तर बरेचसे आकडे रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, जवळ घुटमळणारे. उरलेले पैसे कुठे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे पहिला जो गिऱ्हाईक आला तो तीस टक्के रोख देणार होता, किंमतही जास्त देत होता. त्याला नाही म्हटलं. घेणारं जोडपं वारज्याला भाड्याने राहत होतं, ती शाळेत शिकवते, तो कंपनीत आहे. दर अकरा महिन्यांनी भाडं वाढायचं आणि सहा वर्षांत तीन घरं झाली होती. सगळे पैसे बँकेतून आले, म्हणून नोंदीत खराच आकडा पडला. पुढचा जो कुणी त्या विंगमध्ये घर शोधेल त्याला निदान एक खरी किंमत दिसेल.

मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटच्या मालकाचा फोन आला. तो दुबईला असतो. कितीला गेला, म्हणाला. मी सांगितलं, ९६, सगळे चेकने. "मग मी अजून थांबतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "थांब, तुला परवडतं. पण तोवर कुणाला तरी राहू दे." तो थोडा वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "भाड्याने दिलं तर सोसायटी किती जास्त लावते?" मी आकडा सांगितला. गणपतीत येणार आहे, तेव्हा बघतो म्हणाला. त्याची चावी वॉचमनकाकांकडेच आहे.