एफ ४० चा साधेपणा हेतुपुरस्सर होता

फेरारी एफ ४० या स्पोर्ट्स कारवरील एका लेखात गाडीच्या अंतर्भागाला ‘दरिद्री’ म्हटले आहे, ते मला पटले नाही. कंपनीच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त १९८७ साली सादर झालेल्या या गाडीत गालिचा नाही, ध्वनियंत्रणा नाही आणि दार आतून उघडायचे तर एक साधी दोरी ओढावी लागते, हे खरे. परंतु केव्हलर (हलका पण अतिशय मजबूत कृत्रिम धागा), कार्बन फायबर व ॲल्युमिनियम वापरून ज्या जिद्दीने तिचे इंधन-तेलाविना वजन सुमारे ११०० किलोपर्यंत उतरवले गेले, त्याच जिद्दीचा हा भाग होता. पिनिनफारिना या इटालियन रचनासंस्थेने दिलेले रूपही निव्वळ दिखाऊ नाही: मागच्या पारदर्शक झाकणातील फटी मधोमध बसवलेल्या इंजिनाची उष्णता बाहेर सोडतात आणि रुंद पंख अतिवेगात मागची चाके रस्त्याला धरून ठेवतो.

दोन टर्बोचार्जर (इंजिनात दाबाने जादा हवा भरणारी यंत्रे) असलेल्या २.९ लिटरच्या व्ही-८ इंजिनातून ४७८ अश्वशक्ती मिळते, पण ती एकसारखी वाढत जात नाही. कमी फेऱ्यांवर इंजिन सुस्त वाटते, मग टर्बोचा दाब एकदम चढतो. पॉवर स्टिअरिंग आणि एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) दोन्ही नसल्याने त्या क्षणी सारा भार चालकाच्या हातापायांवर येतो. समकालीन पोर्शे ९५९ ने चारही चाकांना शक्ती देऊन नेमके हेच टाळले होते, आणि रोजच्या वापरासाठी तीच अधिक शहाणी गाडी होती, हे मीही मान्य करतो.

‘अतिदुर्मीळ’ हे विशेषण मात्र जपून वापरावे, कारण ४०० गाड्यांची मूळ योजना पुढे तेराशेच्या वर गेली.