नऊ हजार तीनशे चाळीस पौंड, आणि वर देव हलवा

आलं एकदाचं. तीन आठवडे "लवकरच पाठवतो" चाललं होतं, ते कोटेशन आज सकाळी डबे भरताना येऊन पडलं. एअर सोर्स हीट पंप, म्हणजे गॅस बॉयलरच्या जागी बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर आणि पाणी तापवणारं विजेचं यंत्र, सात किलोवॅट, सगळं मिळून १६,८४० पौंड. त्यातून इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, सरकारचं अनुदान ७,५०० वजा. उरले ९,३४०. तव्यावरची पोळी जळाली ती वेगळीच.

पण पैशांचं नंतर. आधी पान तीनवरचं, तळाला बारीक अक्षरातलं ते एक वाक्य: "एअरिंग कपबर्डमधील सामान ग्राहकाने हलवायचे आहे." एअरिंग कपबर्ड म्हणजे जिन्यावरचं कपाट, आणि तेच आमचं देवघर.

सामान!

बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, आजेसासूबाईंची समई, अंबाबाईची तसबीर. हे सामान. आणि त्यांचा पंप बसवायला लागणारे तांब्याचे पाइप, ते मात्र "प्रीमियम कॉम्पोनंट्स".

सर्व्हेला आलेला पोरगा तसा बरा होता, हे कबूल करते. बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या, लेझरने प्रत्येक खोली मोजली, खिडक्या मोजल्या, भिंत ठोकून बघितली. अडीच तास. मी दोनदा चहा दिला. मग जिन्यावरच्या कपाटाचं दार उघडलं. आत समई तेवत होती. तो थबकला, आणि मग त्याने दातांतून हवा आत ओढली.

तो आवाज! या देशात प्लंबर असो, गॅरेजवाला असो, छपराची कौलं बघायला आलेला असो, धंदा शिकायच्या आधी तो आवाज शिकून घेतात. स्स्स्स. तो ऐकू आला की समजायचं, आता हजाराच्या खाली काम होत नाही.

"सिलिंडर इथेच यायला हवा," म्हणाला. गरम पाण्याची टाकी, २१० लिटर. मी विचारलं, दुसरीकडे? छपराखालच्या लॉफ्टमध्ये भरलेल्या टाकीचं वजन झेपायचं नाही म्हणे. नाहीतर मग छोट्या बेडरूमचा कोपरा. तिथे सध्या आई झोपतात, सहा महिन्यांसाठी कराडहून आल्यात. म्हणजे देव हलवा, नाहीतर सासूबाई हलवा. दोन्हींची हिंमत माझ्यात नाही.

आईंना समजावून सांगितलं, की गरम पाण्याची मोठी टाकी बसवायची आहे. त्या म्हणाल्या, "अगं, म्हणजे बंबच की! आपला तांब्याचा माळ्यावर पडलाय, कुणी विचारत नाही त्याला." चार काटक्या, दोन नारळाच्या शेंड्या आणि कालचा पेपर, एवढ्यात आख्ख्या घराच्या अंघोळी व्हायच्या. आमच्या या बंबाचे १,९५० पौंड लावलेत. बसवायचे निराळे.

आता पैसे. तुम्हीही हीट पंपाच्या त्या जाहिराती बघितल्याच असतील. हिरवंगार गवत, हसरं कुटुंब, जानेवारीत अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट, आणि खाली "फक्त ५०० पौंडांपासून". हे "पासून" ज्याने शोधून काढलं ना, त्याला रेडिंगजवळच्या लोअर अर्लीतल्या आमच्या घरात एक फेब्रुवारी काढायला लावायला पाहिजे. पाचशेपासून! पाचशे ते नऊ हजार तीनशे चाळीस हे अंतर "पासून" या एका शब्दात बसवलंय.

म्हणे रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी फिरून खोली तापवणारे भिंतीवरचे पत्रे, बदलावे लागतील. नऊपैकी सात. कारण बॉयलर पाणी सत्तर अंशाला पाठवतो आणि हा पंप पंचेचाळीस-पन्नासला, म्हणून रेडिएटर मोठे हवेत. त्या सातातले दोन आम्ही २०२१ मध्ये नवे घेतलेत, सेलमध्ये, नवऱ्याने स्वतः पसंत करून, उभे, काळे, हॉटेलात असतात तसे. तेव्हाही मी म्हटलं होतं, यांनी गरम होत नाही. आज सर्व्हेच्या रिपोर्टात तेच लिहून आलंय, आकड्यासकट. तो भाग मी मोठ्याने वाचून दाखवला.

शिवाय आमचं घर ऐंशीच्या दशकातलं, आत पाइप दहा मिलीमीटरचे. पेनाच्या रिफिलसारखे. तेही बदलायचे. त्यासाठी जमीन उचकटायची, कार्पेट काढायचं, भिंत फोडायची. आणि मग शेवटी ते तीन सोन्याचे शब्द: "मेकिंग गुड एक्सक्लूडेड". म्हणजे फोडणार आम्ही, बुजवायचं तुम्ही. मराठीत याला काय म्हणतात ते आई घरात असल्यामुळे लिहीत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात अनुदान पाच हजारांवरून साडेसात झालं तेव्हा नवरा पेढे वाटायचाच बाकी होता. ते पैसे आपल्या हातात येतच नाहीत, इन्स्टॉलरच अर्ज करतो आणि बिलातून वजा करतो. त्या आधी बिलात किती मिळवतो हे त्यालाच ठाऊक. माझ्याकडे पुरावा नाही. मला पुरावा नकोय, मला राग आलाय. व्हॅट शून्य आहे हे तेवढं खरं, ते उपकार मान्य.

त्याच जागी साधा गॅस बॉयलर बसवायला मला अठ्ठावीसशे सांगितलेत. एका दिवसाचं काम. देव जागेवर, सासूबाई जागेवर.

तर नवऱ्याने एक्सेल उघडलं. (आमच्या घरात भांडण संपवायचं नसेल तर एक्सेल उघडतात.) वर्षाला गॅस बारा हजार युनिट (म्हणजे किलोवॅट-तास, विजेसारखेच). पंप एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता देतो, हवेतून ओढून, वा वा, काय विज्ञान. पण आमच्या त्या वेळच्या बिलात युनिटला गॅस सहा-साडेसहा पेन्स होता आणि वीज पंचवीस-सव्वीस! चौपट महाग वीज, साडेतीनपट उष्णता. राहिलं काय हातात? आणि वीज महाग का? तर बहुतेक वेळा विजेचा बाजारभाव गॅसवर चालणारं पॉवर स्टेशनच ठरवतं. म्हणजे गॅस सोडायचा म्हणून वीज घ्यायची, आणि विजेचा भाव गॅसला विचारून. वर पर्यावरणाच्या नावाचे आकार गॅसच्या बिलावर कमी, विजेच्या बिलावर जास्त. हे ज्याने ठरवलं त्याला कोणी दातांतून हवा ओढून दाखवली नाही का?

नवरा म्हणाला, गॅसचं कनेक्शनच काढून टाकू, रोजचा स्टँडिंग चार्ज (गॅस वापरा न वापरा, लागणारा) वाचेल, वर्षाला शंभरावर पौंड. छान. आणि वांगं कशावर भाजू? इंडक्शनवर? भरीत म्हणजे उकडलेल्या वांग्याचा लगदा नव्हे. फुलका कशावर फुगवू? शंभर पौंडांसाठी मी भरीत सोडणार नाही, हे मी त्या एक्सेलमध्ये वेगळी ओळ घालून लिहिलंय. लाल रंगात.

मुळात या फंदात पडलो कशाला, तर २०३५ पासून नवे गॅस बॉयलर बंद असं सरकारने सांगितलं होतं. मग २०२३ च्या सप्टेंबरात तेव्हाच्या पंतप्रधान सुनकसाहेबांनी ते ढिलं केलं. तिकडे २०२८ पर्यंत वर्षाला सहा लाख हीट पंप बसवायचं लक्ष्य ठेवलं होतं. सहा लाख! इथे एका घराचं कोटेशन द्यायला तीन आठवडे.

आणि विषय निघालाच आहे तर, तो स्मार्ट मीटरचा डबडा. दोन वर्षं किचनमध्ये काळाठिक्कर पडून आहे. फोन केला की "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे". आणि "आठ ते एक" हा काय प्रकार आहे? माणूस आठ ते एकच्या मध्ये येणार म्हणून मी रजा टाकायची, तो बारा अठ्ठावन्नला येणार आणि म्हणणार, पार्किंग मिळालं नाही. बॉयलर सर्व्हिसवाला पंधरा मिनिटांत झाकण उघडून बंद करतो, ११० पौंड घेतो आणि "वय झालंय हो याचं" म्हणून जातो. वय तर माझंही झालंय, मला कोणी अनुदान देत नाही.

आता खरं सांगते, कारण नवरा हे वाचणार आणि खाली कमेंटमध्ये लिहिणारच. त्या कपाटात सिलिंडर होताच. घराबरोबर आलेला, फोमचं जॅकेट घातलेला, चांगला. २०१४ मध्ये कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय, लागेल तेव्हा पाणी तापवणारा) बसवताना तो मीच काढायला लावला. "ही अडगळ आधी बाहेर काढा" हे माझेच शब्द. न्यायचे साठ पौंड वर दिले, आणि कपाट रिकामं झालं म्हणून दुसऱ्याच दिवशी तिथे देव मांडले.

आणि सर्व्हेच्या पोराने विचारलं होतं, घरात तापमान किती ठेवता. मी म्हटलं एकोणीस. त्याच्या मागे भिंतीवर थर्मोस्टॅट तेवीस दाखवत होता, आणि किचनची खिडकी सताड उघडी होती, कारण मी नुकतीच फोडणी दिली होती. त्याने टॅब्लेटवर काहीतरी लिहिलं. सात किलोवॅट कुठून आले ते आत्ता लक्षात येतंय.

कोटेशन तीस दिवस वैध आहे. नवऱ्याने आणखी दोन कंपन्यांना लिहिलंय. गुरुवारी एक जण येतोय, आठ ते एक. आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मी देवघराचं दार लावून बाहेर खुर्ची टाकून बसते. विचारलंच त्याने, तर सांग, आत बंब आहे, आधीच बसवलाय."