मिलर आडनाव आणि मॅकफार्लेन क्लॅन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्कॉटलंडमधील क्लॅनव्यवस्थेवरील (क्लॅन म्हणजे एका प्रमुखाला मानणारा घराण्यांचा समूह) माझ्या लेखावर आपण घेतलेले आक्षेप थोडक्यात असे आहेत : सेप्टच्या, म्हणजे एखाद्या क्लॅनमध्ये मोडणाऱ्या उपआडनावांच्या, याद्यांना मी ‘कापडविक्रीची सोय’ म्हटले, ही एका समाजाच्या वंशाभिमानाची टिंगल आहे, आपले जावई मिलर आडनावाचे स्कॉटिश गृहस्थ असून मिलर हे मॅकफार्लेन क्लॅनचे सेप्ट असल्याचे छापील यादीतच दिलेले आहे, आणि आपल्याकडे जशी कुळी व तिच्यात मोडणारी उपआडनावे असतात तसाच हा प्रकार असल्यामुळे त्यावर शंका घेण्याचे कारण नाही. टिंगल करण्याचा हेतू नव्हता. याद्यांविषयीचे माझे मत मात्र तेच आहे आणि त्याची कारणे येथे सविस्तर मांडतो.

क्लॅन म्हणजे एका मूळ पुरुषाचा विस्तारलेला वंश, ही समजूत प्रमुखाच्या घराण्यापुरती बऱ्याच अंशी खरी असते. त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या आणि त्याच्यासाठी शस्त्र उचलणाऱ्या शेकडो कुटुंबांना ती लागू पडत नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांत दुबळी घराणी बलवान सरदाराशी लेखी करार करून त्याचे संरक्षण मिळवीत आणि त्या बदल्यात त्याच्या बाजूने लढण्याचे वचन देत. रक्ताचे नाते त्यासाठी आवश्यक नव्हते. शिवाय हायलंडमधील, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेकडील डोंगराळ भागातील, सामान्य माणूस सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत बहुधा बापाच्या आणि आजोबाच्या नावाने ओळखला जाई, त्यामुळे कायमचे आडनाव लावण्याची वेळ आली तेव्हा अनेकांनी जमीनमालकाचेच नाव घेतले. लोव्हॅटच्या फ्रेझर प्रमुखाने आपले नाव लावणाऱ्यांना एक बोल, म्हणजे सुमारे ६३ किलो, ओटचे पीठ देऊ केले अशी लोकपरंपरा आहे. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, नाव घेऊन क्लॅनमध्ये सामील होता येते हे सांगणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना अगदी स्वाभाविक वाटत होते, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मॅकग्रेगरांचे आहे. १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइन येथे त्यांनी कोहून क्लॅनचा मोठा संहार केला, आणि स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याच्या प्रिव्ही कौन्सिलने (राजाच्या सल्लागार मंडळाने) मॅकग्रेगर हे नावच बेकायदा ठरवले. ते सोडण्यास नकार देणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होती. ही बंदी १६६१ मध्ये उठली, १६९३ मध्ये पुन्हा लागू झाली आणि अखेर १७७४ मध्ये रद्द झाली. मधल्या काळात या लोकांनी कॅम्पबेल, ड्रमंड, मरे, ग्रँट अशी मिळतील ती नावे घेतली. प्रसिद्ध रॉब रॉय मॅकग्रेगरसुद्धा आपल्या आईच्या माहेरचे कॅम्पबेल हे नाव लावीत असे, आणि कॅम्पबेल तर मॅकग्रेगरांच्या जमिनी गिळणारे त्यांचे जुने वैरी! बंदी उठल्यावर काही कुटुंबांनी मूळ नाव परत घेतले, काहींनी घेतले नाही. त्यामुळे आज कॅम्पबेल किंवा ड्रमंड आडनाव लावणारा माणूस पितृवंशाने मॅकग्रेगर असू शकतो, आणि ही गोष्ट केवळ आडनावावरून कोणालाही ओळखता येणार नाही.

आता याद्यांकडे वळू. स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने लढणाऱ्या क्लॅनांचा १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत पराभव झाल्यानंतर प्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार कायद्याने काढून घेतले गेले आणि हायलंडच्या पोशाखावर बंदी आली, ती १७८२ पर्यंत टिकली. पुढे १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने आखलेल्या समारंभामुळे टार्टन, म्हणजे हायलंडचे चौकडीचे लोकरी कापड, एकदम राष्ट्रीय वेश ठरला आणि ज्यांच्या पूर्वजांनी कधी हायलंड पाहिला नव्हता अशा लोलंडमधील (दक्षिणेकडील सखल भागातील) कुटुंबांनाही ‘आपला’ टार्टन हवासा वाटू लागला. स्मिथ, टेलर, क्लार्क, मिलर या नावांचे स्वतंत्र क्लॅन नव्हते. अशा नावांना कोणत्या ना कोणत्या क्लॅनखाली बसवणाऱ्या, आज आपण वापरतो त्या स्वरूपाच्या याद्या मुख्यतः या मागणीच्या काळात वाढल्या. एकच आडनाव दोन-तीन क्लॅनांच्या यादीत आढळते ते यामुळेच : विल्सन हे गन क्लॅनकडेही आहे आणि इन्स क्लॅनकडेही.

मिलर हे तर व्यवसायावरून पडलेले नाव. स्कॉटलंडमध्ये जवळजवळ प्रत्येक जहागिरीची स्वतःची पाणचक्की असे आणि तेथील शेतकऱ्यांनी आपले धान्य त्याच चक्कीवर दळून घ्यावे अशी सक्ती असे. म्हणजे दळणारा माणूस ठिकठिकाणी होता. लॉख लोमंडच्या पश्चिमेकडील मॅकफार्लेनांच्या मुलखातही असे काही मिलर असतील, ते मी नाकारत नाही. पण त्यावरून देशभरातील सगळे मिलर मॅकफार्लेन ठरत नाहीत.

कुळीशी केलेली आपली तुलना एका ठिकाणी पूर्णपणे तुटते. आपल्याकडे कुळी आणि देवक यांचा खरा उपयोग सोयरीक जुळवताना होतो. देवक एक निघाले तर लग्न होत नाही. स्कॉटिश क्लॅनमध्ये असा निषेध नव्हता. उलट जमीन आणि निष्ठा घरातच राहावी म्हणून एकाच क्लॅनच्या शाखांमध्ये सर्रास लग्ने होत.

आडनाव वारशाबरोबर बदलते याचे उदाहरण मराठी वाचकाला परिचित असलेल्या माणसाचेच देतो. साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहासकार जेम्स ग्रँट डफ हा जन्माने केवळ ग्रँट होता. १८२५ च्या सुमारास ईडनची मालमत्ता त्याच्याकडे आली तेव्हा त्याने डफ हे नाव जोडले, आणि १८५० मध्ये पत्नीला तिच्या आईच्या घराण्याची मालमत्ता मिळाल्यावर कनिंगहॅम हेही जोडले. नुसती यादी हाती धरली तर हा एक माणूस तीन घराण्यांत मोजावा लागेल.

जावयांच्या घराण्याचा शोध घ्यायचा असेल तर आजपासून मागे जावे. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सक्तीची नोंदणी आहे. मृत्यूच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनावही असते, ही फार मोठी सोय आहे. १८४१ पासूनच्या जनगणनेत घरातील प्रत्येकाचे नाव मिळते. त्यापूर्वीसाठी चर्चच्या पॅरिशांची (स्थानिक धर्मविभागांची) दप्तरे आहेत. त्यांतील सर्वांत जुनी एरोल गावची, १५५३ पासूनची. हायलंडमधील पुष्कळ दप्तरे मात्र अठराव्या शतकात किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात. या नोंदींमध्ये पूर्वज मॅकफार्लेनांच्या मुलखातील आरोखरच्या आसपास सापडले तर मॅकफार्लेन संबंधाला आधार मिळेल. लोलंडमधील फाइफ किंवा एअरशरमध्ये सापडले तर तो बहुतेक सोडूनच द्यावा लागेल.

टार्टनचे म्हणाल, तर मॅकफार्लेन टार्टन वापरण्यास कायद्याची आडकाठी नाही, जावयांनी तो खुशाल वापरावा. कुलचिन्हाची गोष्ट वेगळी आहे : स्कॉटलंडमध्ये ते कुटुंबाचे नसून एका व्यक्तीचे असते, आणि त्याचा गैरवापर झाल्यास लॉर्ड लायन या कुलचिन्हांच्या अधिकाऱ्याचे न्यायालय कारवाई करू शकते. आपण उल्लेख केलेली, क्लॅन-प्रमुखाचे संपूर्ण कुलचिन्ह कोरलेली भिंतीवरची ढाल घेण्याआधी हे ध्यानात असावे.